घरचा मिस्त्री : काच वर जाईना!

वाचकहो, दिवाळी अंकासाठी या सदरात काहीतरी खुसखुशीत द्या, असा संपादकांचा निरोप आला. पण त्या वेळी माझ्या डोक्यात चकली नव्हती, काच होती. मोटारगाडीच्या दाराची, बटण दाबले की वर जाणारी काच. तेव्हा यंदाच्या फराळात हेच एक पान वाढतो आहे, गोड मानून घ्यावे.

गेल्या वर्षीच्या गणपतीतली गोष्ट. आम्ही कोल्हापुराहून रत्नागिरीला निघालो होतो. गाडी २०११ सालची, मी दुसऱ्या हाताची घेतलेली. मागे डाव्या खिडकीशी आई. तिचे वय अठ्ठ्याहत्तर. घाट लागला की तिला मळमळते आणि मळमळले की तोंडावर वारा हवा, हा आमच्या घरातला चाळीस वर्षांचा जुना कायदा. आंबा घाट उतरू लागलो तशी मी तिची काच खाली केली. दोन वळणे गेली नाहीत तोच पाऊस असा आला की पुढचा रस्ताच पुसला गेला. मी काच वर करण्याचे बटण दाबले. काच निघाली, पण निघाली म्हणजे कशी, तर धान्याचे पोते घेऊन हमालाने तिसरा मजला चढावा तशी. आणि निम्म्यावर येऊन थांबली.

मागे एस.टी., पुढे धुके, बाजूला दरी. गाडी उभी करण्याजोगी जागा मिळेपर्यंत आईचा खांदा, पदर आणि मांडीवरची पिशवी चिंब झाली होती. टॉवेल लावला, प्लॅस्टिक कोंबले. पण साखरपा येईतो ती कुडकुडू लागली. तिसऱ्या दिवशी ताप चढला, छातीत कफ झाला. गौरी-गणपतीचे विसर्जन आम्ही दवाखान्याच्या बाकावर बसून ऐकले. आई बरी झाली, हे देवाचे देणे. परंतु मला स्वतःला खावयाची होती ती चपराक निराळीच होती. ती काच हळू चालते हे मला सहा महिन्यांपासून ठाऊक होते! ‘अजून चढते आहे ना, मग बघू’ असे म्हणून मी ते पुढे ढकलले होते.

पूर्वी गाडीच्या काचेला फिरवायचे हँडल असे. त्याची आम्ही थट्टा केली, पण त्याचा एक गुण कोणी ध्यानी घेतला नाही. काचेची खाच कोरडी पडली की हँडल जड होई, आणि ते आपल्या मनगटाला त्याच दिवशी कळे. आता ते कष्ट मोटर घेते. विजेने जोर आणून काचा हलविण्याची सोय अमेरिकेतल्या पॅकार्ड कंपनीने १९४१ सालच्या आपल्या १८० मॉडेलात दिली. त्या काचा विजेच्या साहाय्याने द्रवाच्या दाबावर चालत. पुढे प्रत्येक दारात एकेक छोटी मोटर आली. ही मोटर बिचारी सोशिक. तिला ओझे वाढले तरी बोलत नाही, नुसती सावकाश चालते. तिचे सावकाश चालणे म्हणजेच तिचे बोलणे, एवढे मला आंबा घाटात कळले.

परतल्यावर एका गॅरेजात गाडी नेली. तेथील कारागिराने बटण एकदा दाबून पाहिले आणि “मोटर गेली” असा निकाल दिला. नवी मोटर बसली, साडेतीन हजार गेले आणि काच चढू लागली. तीन आठवड्यांनी पाहतो तो पुन्हा हमालाची चाल!

मग एका स्नेह्याने गाड्यांचे वायरिंग करणाऱ्या एका वृद्ध मिस्त्रींकडे धाडले. त्यांनी गाडीकडे पाहण्याआधीच विचारले, “साहेब, जुनी मोटर कुठाय?” ती डिकीतच पडली होती. तिला त्यांनी दोन वायरींनी बॅटरी लावली, तर ती गरगर फिरली. “ही झ्याक हाय की! तुमी बैल नवा जोडला, पर चाक चिखलातच ऱ्हायलं.”

त्यानंतरचा दीड तास मी त्यांच्या शेजारी स्टुलावर बसून काढला. जे शिकलो ते तुम्हांपुढे ठेवतो.

पहिली गोष्ट मोजण्याची. गाडी चालू ठेवून चारी काचा एकामागून एक वर करावयाच्या आणि प्रत्येकीचे सेकंद मोजावयाचे. माझ्या गाडीत तीन काचांना पाच-पाच लागले, आईच्या काचेला अकरा. चारही सारख्याच मंद असत्या तर संशय बॅटरीवर किंवा तिला भरणाऱ्या अल्टरनेटरवर गेला असता. चांगली बॅटरी गाडी बंद असताना साडेबारा व्होल्टच्या आसपास दाखविते, इंजिन चालू झाले की हा आकडा चौदाच्या घरात जातो. म्हणूनच बंद गाडीत काच जरा हळू चालली तर घाबरू नये.

दुसरी गोष्ट मला फार आवडली, कारण तिला एक पैसा पडत नाही. अंधारात, इंजिन बंद ठेवून, गाडीतला छताचा दिवा लावावयाचा आणि काच जेथे अडते तेथे बटण दाबून धरावयाचे. पण दोन-तीन सेकंदच, उगाच मोटर भाजू नये. दिवा स्पष्ट मंदावला तर वीज मोटरपर्यंत पोचते आहे, मोटर जोर लावते आहे, म्हणजे अडचण काचेची. दिवा ढिम्म राहिला तर वीज वाटेतच अडते आहे : बटणाचे घासलेले टोक, गंजलेले जोड किंवा दार आणि गाडी यांच्या मधल्या रबरी नळीतून जाणारी वायर. दार हजारदा उघडले-मिटले की ती वायर आतून तुटू लागते. कोकणच्या खाऱ्या हवेत जोडांवर हिरवी बुरशी चढते ती वेगळीच. अशा जोडात पाव ओहमाचा जरी अडथळा आला आणि मोटर आठ अँपिअर ओढत असली, तरी दोन व्होल्ट तेथेच गडप होतात. बिचाऱ्या मोटरला बारातले दहा मिळतात, आणि लोक तिलाच आळशी म्हणतात.

मागच्या दाराची काच चालकाच्या बटणाने रेंगाळत असेल आणि दारावरच्या बटणाने झटक्यात जात असेल, तर चालकाचे बटण तपासावे. काच अजिबात हलत नसेल आणि दारावर थाप मारल्यावर हलली, तर मोटरचे ब्रश झिजले आहेत असे समजावे. चार-पाच वेळा वरखाली केल्यावर ती मुकाट थांबली आणि थोड्या वेळाने पुन्हा चालू लागली, तर तो बिघाड नव्हे. मोटर तापल्यावर आपोआप वीज तोडणारी योजना तिच्यातच असते. मात्र ती वारंवार तापते का, याचा विचार करावा.

आमचा दिवा मंदावला. मिस्त्रींनी किल्ली काढून घेतली, दाराचा आतला पॅड उतरविला, काच तिच्या उचकावरून सोडवून हाताने वर ढकलली. “बघा तुमीच,” म्हणाले. मी दोन्ही हात लावले. काच हलेना! जिला माझे दोन हात पुरेना तिला मुठीएवढी मोटर वर्षभर ओढत होती. (हे काम घरी करू नका. काच सुटली की बोटावर येते, काही गाड्यांत उचकाला ताठ स्प्रिंग असते आणि नव्या गाड्यांत दारात एअरबॅगची जोडणीही असते.)

काचेच्या कडा रबरी खाचेतून सरकतात आणि त्या खाचेला आतून मखमलीसारखी लव असते. आमच्या खाचेत तेरा वर्षांची धूळ होती आणि तिच्याखाली एक चिकट काळा थर. २०१२ साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मला मनाई केली, तेव्हा आधीच्या मालकाने ती खरवडून काढली असावी. मधली निघाली, कडांचा डिंक खाचेत तसाच राहिला आणि उन्हाने शिजून घट्ट झाला. पावसाळ्यासाठी खाचेत खोचून बसविलेले रेन व्हायझरही असेच काच दाबून धरतात, हे मिस्त्रींनी जाता जाता सांगितले.

उपाय पाहून मला हसू आले. साबणाचे कोमट पाणी, जुना टूथब्रश आणि प्लॅस्टिकच्या पट्टीला गुंडाळलेले फडके. दोन्ही खाचा घासून स्वच्छ आणि कोरड्या केल्यावर त्यांत सिलिकोन स्प्रेची हलकी फवारणी, काच पाच-सहा वेळा वरखाली आणि काचेवर उडालेले पुसून टाकणे. तेल, ग्रीस मुळीच नको. खनिज तेलाने हे रबर फुगते. आमच्या शेजाऱ्यांनी खोबरेल लावले होते. दोन दिवस काच लोण्यासारखी सरकली, मग तेलावर धूळ बसून पूर्वीपेक्षा जड झाली. लव पार झिजली असेल तर मात्र स्प्रे काही दिवसांचाच. रबर बदलणे भाग.

आणखी एक गोष्ट त्यांना दिसली. मोटर बदलताना गॅरेजवाल्याने पॅडच्या आतले प्लॅस्टिकचे पातळ आवरण फाडून टाकले होते. काचेवरून दारात उतरणारे पाणी गाडीत येऊ नये म्हणून ते असते. दाराच्या तळाशी पाणी जाण्याची भोकेही पानाकचऱ्याने बुजली होती. ती त्यांनी तारेने मोकळी केली, नवे आवरण चिकटविले आणि एकंदर सहाशे रुपये घेतले. जुनी मोटर डिकीत परत ठेवीत म्हणाले, “टाकू नगा. लागंल.”

काच अवचित अडलीच, तर इंजिन चालू ठेवून एकाने बटण दाबावे आणि दुसऱ्याने दोन्ही तळव्यांत काच धरून वर ओढावी. बहुधा येते. हे मला घाटात ठाऊक असते तर!

यंदा भाऊबीजेला मामाकडे साखरप्यास जावयाचे ठरले आहे. परवा आई स्वतः अंगणात आली, मागे डाव्या खिडकीशी बसली आणि म्हणाली, “चालू कर रे गाडी.” मी केली. तिने बटण ओढून काच खाली केली, मग वर. ओठ हलत होते. मला वाटले, नामस्मरण चालले आहे.

“पाच,” ती म्हणाली. “आता पुन्हा एकदा.”