चरबी घटली, पण गेली कुठे?

जिममध्ये ‘सीएलए’ नावाने खपणाऱ्या कॅप्सूलची सगळी पत उंदरांनी मिळवून दिलेली आहे. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातल्या संशोधकांनी १९९७ मध्ये उंदरांच्या खाद्यात कॉन्जुगेटेड लिनोलेइक आम्ल हे मेदाम्ल फक्त अर्धा टक्का मिसळलं, तर त्यांची चरबी इतर उंदरांपेक्षा जवळपास साठ टक्क्यांनी कमी भरली. जाहिरातीला एवढं पुरेसं होतं. पण २००० मध्ये जपानी संशोधकांनी एक टक्का आम्ल खाल्लेल्या उंदरांच्या शरीरात डोकावून पाहिलं, तेव्हा त्यांच्या चरबीच्या पेशी मेलेल्या होत्या, यकृत फुगून चरबीने भरलं होतं आणि रक्तातलं इन्सुलिन वाढलेलं होतं. चरबीची पेशी हे शरीराचं कोठार आहे. तिथूनच लेप्टिन हे संप्रेरक स्रवतं. कोठारच मोडलं की माल नको तिथे साचतो. याच उंदरांना लेप्टिन टोचल्यावर इन्सुलिन खाली आलं, यावरून बिघाडाचं मूळ कळतं. वजनकाट्याला यातलं काहीच दिसत नाही.

उंदीर म्हणजे माणूस नव्हे, हा आक्षेप रास्तच आहे. पण तो दोन्ही बाजूंना लावायला हवा. माणसांवरच्या चाचण्या २००७ मध्ये एकत्र तपासल्या, तेव्हा जास्तीची चरबी उतरली ती आठवड्याला अवघी ९० ग्रॅमच्या आसपास. उलट स्वीडनमध्ये २००२ साली लठ्ठ पुरुषांना या आम्लाचा एक शुद्ध प्रकार रोज ३.४ ग्रॅम असा बारा आठवडे दिला, तर त्यांचं शरीर इन्सुलिनला आणखी दाद देईनासं झालं. म्हणजे उंदरात दिसलेला फायदा माणसापर्यंत येताना आटला, धोका मात्र पुसला गेला नाही.

‘हे तर दुधातुपातही असतं’ असंही सांगितलं जातं. असतं, पण रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात तयार होणारा प्रकार मुख्यतः वेगळा असतो. कॅप्सूलमधलं आम्ल बहुधा करडईच्या तेलावर कारखान्यात रासायनिक प्रक्रिया करून काढतात आणि त्यात उंदरांची चरबी झडवणारा, स्वीडनमध्ये दिलेला प्रकार सहसा निम्म्याच्या घरात असतो. घरातल्या साध्या करडईच्या तेलाचा या प्रकरणाशी संबंध नाही. ज्यांची साखर आधीच काठावर आहे किंवा सोनोग्राफीत यकृतावर चरबी दिसली आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय ही कॅप्सूल घेऊ नये.