शर्ट नक्की कुणाच्या मापाचा?

‘‘कॉलर किती?’’ दुकानदाराने विचारलं आणि अण्णांनी माझ्याकडे पाहिलं.

अण्णा म्हणजे माझे सासरे. 36 वर्षं शाळेत गणित शिकवलं. गावातल्या निम्म्या लोकांचे पाढे त्यांनी पाठ करून घेतलेत. पण स्वतःच्या गळ्याचा आकडा काही त्यांना सांगता येईना. ‘‘तिला माहीत होतं,’’ एवढंच म्हणाले. सासूबाईंना जाऊन तेव्हा आठ महिने झाले होते. पुतण्याचं लग्न तोंडावर आलं, म्हणून आम्ही दोघं नवा शर्ट घ्यायला गेलो होतो.

दुकानात अंगातला शर्ट काढून नवा घालून बघायचा अण्णांना संकोच. मग मीच त्यांच्या जुन्या शर्टाचा नंबर आठवून ठोकून दिलं, ‘‘42.’’ रंगही मीच काढला, फिकट पिस्ता. सासूबाई नेहमी तसलाच घ्यायच्या.

घरी आल्यावर अण्णांनी तो घातला आणि माझ्या पोटात कालवलं. वरचं बटण लावूनही गळ्याशी चार बोटं जातील एवढी फट. खांदे दंडावर उतरलेले, बाह्या अंगठ्याच्या पेरापर्यंत. या आठ महिन्यांत माणूस किती वाळला, ते रोज समोर असून मला दिसलंच नव्हतं. शर्टाने दाखवलं. अण्णा आरशात न बघताच म्हणाले, ‘‘बरा आहे की.’’

मैत्रिणींनो, आपल्या ब्लाऊजच्या बाबतीत आपण असं कधी चालवून घेतो का? मुंढ्यात जरा चुणी पडली तरी टेलरकडे दोन हेलपाटे घालतो. पण घरातल्या पुरुषांच्या शर्टाचं काय? लग्नात आहेर आलेला शर्टपीस शिवायचा, नाहीतर सेल लागला की नंबर सांगून उचलायचा. मुलाला वाढत्या अंगाचा, नवऱ्याला सुटणाऱ्या पोटाचा. आज आहे त्या अंगाचा शर्ट कुणालाच नाही!

दुसऱ्या दिवशी तो शर्ट घेऊन मी आमच्या कोपऱ्यावरच्या टेलरमामांकडे गेले. म्हटलं, जरा आत घेऊन द्या. मामांनी शर्ट उलटा-सुलटा पाहिला आणि मलाच शिकवणी दिली. ‘‘ताई, कडेने आत घेता येतो, बाही आखूड करता येते. पण खांदा उतरला की सगळा शर्ट उसवावा लागतो, आणि कॉलर चुकली तर विसराच. म्हणून शर्ट घेताना आधी गळा आणि खांदा बघायचा. पोट शेवटी.’’

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. आपण ब्लाऊज शिवायला टाकताना ‘आत माया सोडा हं’ म्हणून बजावतो, म्हणजे पुढेमागे उसवून सैल करता येतो. रेडिमेड शर्टाच्या शिलाईत अशी माया जवळजवळ नसतेच. त्यामुळे थोडा सैल असेल तर उपाय आहे, घट्ट असेल तर नाही. शिवूनच घेणार असाल तर मात्र शर्टालाही माया सोडायला सांगा.

नंबरचा घोळही तेव्हाच कळला. आपल्याकडे बहुतेक कंपन्यांच्या फॉर्मल शर्टावर 38, 39, 40, 42, 44 असे जे आकडे असतात, ते कॉलरचे सेंटिमीटर असतात. आपण ते छातीचे इंच समजतो! कॅज्युअल शर्टांवर पुष्कळदा छातीचे इंच किंवा नुसतंच एस, एम, एल असतं, म्हणून गोंधळ वाढतो. तर मानेच्या मुळाशी, जिथे कॉलर बसते तिथे टेप गुंडाळायचा, अर्धा इंच वाढवायचा आणि सेंटिमीटर बघायचे. अण्णांचा गळा भरला 15 इंच. म्हणजे साडेपंधरा धरले तर 39 नंबर. आणि मी 42 घेऊन आले होते!

तरी नुसत्या नंबरवर जाऊ नका, कारण एका कंपनीचा 40 दुसरीच्या 40 सारखा नसतो. ‘स्लिम फिट’ म्हणजे छाती-कमरेत घट्ट, ‘रेग्युलर’ म्हणजे बेताचा सैल, पण तेही प्रत्येकाचं वेगळं. म्हणून शर्ट अंगावर चढलाच पाहिजे. वरचं बटण लावल्यावर कॉलरमध्ये एक-दोन बोटं सहज जावीत. खांद्याची शिलाई खांद्याच्या हाडाच्या टोकावर यावी. बटणं लावून खाली बसायला सांगा. दोन बटणांच्या मधे पट्टी फाकून बनियन दिसला तर शर्ट लहान, आणि पाठीवर फुगा झाला तर मोठा. हात खाली सोडल्यावर कफ मनगटाचं हाड झाकून अंगठ्याच्या बुडाशी थांबावा आणि हात कोपरात वाकवला तरी फार वर पळू नये. शेवटी शर्ट खोचून दोन्ही हात वर करायला लावा. पँटमधून सगळा बाहेर आला, तर एकतर उंची कमी किंवा मुंढा फार खाली. खुर्चीवर बसून लिहिणाऱ्याला, दुचाकी चालवणाऱ्याला ही परीक्षा महत्त्वाची.

सुती शर्ट पहिल्या धुण्यात थोडा आटतो, हे आपल्याला सांगायला नको. गळ्याशी अगदी काटोकाट बसणारा सुती शर्ट घेऊ नये. कापड शिवणार असाल तर अस्तर भिजवतो तसं तेही आधी पाण्यातून काढा. आणि पन्हा विचारा. पूर्ण बाहीच्या शर्टाला 36 इंची पन्ह्याचं साधारण सव्वादोन मीटर लागतं, 58 इंची पन्ह्याचं 1.6 मीटर पुरतं.

पण मला खरं सांगायचंय ते वेगळंच. ही सगळी मापं आपणच का पाठ करायची? ‘त्यांना काय कळतंय कपड्यातलं’ असं आपण तक्रारीच्या सुरात म्हणतो, पण आत कुठेतरी सुखावतो. आमचे हेसुद्धा अजून शर्टाचा नंबर मलाच विचारतात आणि मला त्याचं कौतुक वाटायचं. दुकानात अण्णांची ती नजर बघितली आणि कौतुक ओसरलं. आपण माया म्हणून ज्या गोष्टी स्वतःकडे ठेवतो, त्यातल्या काही माणसाला पांगळं करतात. स्वतःचा गळा केवढा हे माहीत नसलेला माणूस मागे एकटा राहिला की दुकानात नुसता उभा राहतो.

शर्ट अंगावर फक्त घालून पाहिलेला होता, लेबलही तसंच होतं, म्हणून बदलायला गेलो. या वेळी अण्णांना मी पडद्याआड पाठवलंच. 39 घालून बाहेर आले तेव्हा ताठ उभे होते. पूर्वी वर्गात उभे राहत असतील तसे. मी पिस्ता रंगच शोधत होते, तेवढ्यात ते हळूच म्हणाले, ‘‘तो निळ्या रेघांचा दाखवायला सांग ना. मला रेघांचा आवडतो. तिला नाही आवडायचा.’’

इतकी वर्षं संसार करून ही आवड कुणाला ठाऊक नव्हती. त्यांनी तोच घेतला. लग्नात सगळे विचारत होते, शर्ट कुणी आणला?

‘‘मी,’’ अण्णा सांगत होते. ‘‘39 नंबर.’’

माझा मुलगा यंदा कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला आहे, नोकरीच्या मुलाखती सुरू होतील. त्याच्यासाठी शर्ट आणायचा, असं मी ठरवलं होतं. आता बेत बदललाय. त्याच्या हातात मी टेप देणार आहे. गळा, खांदा, बाही, छाती असे चार आकडे त्याने स्वतः लिहून घ्यायचे आणि दुकानात आजोबांना बरोबर न्यायचं.

मी जाणार नाही. फार वाटलं तर दाराबाहेर थांबेन.