बेगमी गव्हाची करा, कॉफीची नको

आमच्या घरात एप्रिल-मे म्हणजे साठवणीचे महिने. मिरच्या वाळवून मसाला कुटायचा, बरणीत हिंगाचे खडे टाकून वर्षभरासाठी बंद करायचा. गव्हात कडुनिंबाचा पाला, तूरडाळीला एरंडेलाचा हात. अशा घरात वाढलेल्या मुलीला ‘एकदम घे, स्वस्त पडतं, नीट ठेवलं की टिकतं’ हे कुणी शिकवावं लागत नाही, ते अंगातच मुरतं. म्हणूनच दोन वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात एका ऑनलाइन सेलमध्ये मी भाजलेल्या कॉफीच्या बिया घेतल्या. एक किलो. शिवाय बांबूचं झाकण असलेली, रील्समध्ये दिसते तशी देखणी काचेची बरणी. ती ओट्यावर, खिडकीपाशी ठेवली. फोटोही काढला.

जुलैच्या शेवटच्या आठवड्यात मी झाकण उघडलं, तेव्हा आई शेजारी उभी होती. ती म्हणाली, “अगं, शेंगदाणे जुने झालेत का बघ. खवट वास येतोय.”

खवट! इतका नेमका शब्द आपल्याकडे असताना आपण कॉफीबद्दल बोलताना तो वापरत का नाही? खोबरं खवट होतं, शेंगदाणे होतात, दिवाळीचा चिवडा तुळशीच्या लग्नाच्या पुढे गेला की होतो. कॉफी मात्र आपल्या लेखी ‘कडूच असते’. बिघडलेली कॉफी आणि कडू कॉफी यांत फरक करायला आपल्याला कुणी शिकवलं नाही, आणि याच अज्ञानावर बरण्या, डबे, हवा खेचून घेणारे पंप असा सगळा बाजार उभा आहे.

माझं भांडण या बाजाराशी आहे, आणि थोडं आपल्या बेगमीच्या संस्काराशीही. भाजलेली कॉफी हे धान्य नव्हे, ते शिजवलेलं अन्न आहे. तिची जात गव्हाची नाही, भाकरीची आहे. भाकरी कोणत्या डब्यात ठेवली की महिनाभर ताजी राहील, असं आपण विचारत नाही.

कच्ची, हिरवट बी खरोखर धान्यासारखी असते. साधारण दहा-बारा टक्के ओलाव्यापर्यंत वाळवलेली, घट्ट, नीट ठेवली तर महिनोन्‌महिने टिकणारी. मंगळूरच्या बाजूला ‘मान्सून्ड मलबार’ नावाची कॉफी करतात, तिची गंमत बघा. जून ते सप्टेंबर कच्च्या बिया गोदामात पसरून मुद्दाम पावसाळी वारा खायला ठेवतात, अधूनमधून दंताळ्याने फिरवतात. बी फुगते, फिकट सोनेरी होते, तिचा आंबटपणा जातो, आणि जगभरात ती याच चवीसाठी विकत घेतली जाते. जुन्या काळी शिडाच्या जहाजांतून युरोपला जाताना बियांचं जे आपोआप व्हायचं, ते आता जाणूनबुजून करतात. म्हणजे चार महिन्यांचा पश्चिम किनाऱ्यावरचा पाऊस कच्च्या बीला मोल आणतो. तोच पाऊस माझ्या ओट्यावरच्या भाजलेल्या बीला काही आठवड्यांत कामातून घालवतो.

कारण भाजताना बी आतून बदलते. पाणी उडून जातं, बी फुगते, पोकळ आणि ठिसूळ होते. तिच्यात असंख्य बारीक छिद्रं पडतात आणि त्यांत कार्बन डायऑक्साइड कोंडून राहतो. पुढचे कित्येक दिवस तो हळूहळू बाहेर पडत असतो. पाकिटाला जी छोटी गोल झडप असते ती यासाठीच: आतला वायू बाहेर जावा, बाहेरची हवा आत येऊ नये. तो वास घ्यायचं भोक नाही (मी बरेच दिवस पाकीट दाबून नाक लावायचे, कबूल). वायू निघून गेला की छिद्रांत हवा शिरते, आणि बीतल्या तेलाची प्राणवायूशी गाठ पडते. अरेबिका बीत वजनाच्या साधारण पंधरा टक्के स्निग्धांश असतो. तेल, हवा, ऊब आणि उजेड एकत्र आले की काय होतं, हे फरसाणवाल्यालाही विचारा. माझ्या बरणीला ओलाव्याचीही जोड होती. जुलैत आपल्याकडे हवेतली आर्द्रता सहज ऐंशी टक्क्यांच्या वर असते. मिठाला पाणी सुटतं, पापड वातड होतो, आणि कोरडी सच्छिद्र बी तेवढी कोरडी राहील?

दळलेल्या कॉफीचं तर विचारूच नका. एका बीचे शेकडो कण झाले की हवेला शेकडो दारं उघडतात. जे बीचं आठवड्यांत होतं ते पुडीचं दिवसांत.

खात्री करायची असेल तर घरच्या घरी होते. ताज्या दळलेल्या कॉफीवर थोडं गरम पाणी ओता. पूड फुगून येते, बुडबुडे काढते. शिळी पूड चिखलासारखी बसून राहते.

आता फ्रिज. ‘फ्रिजमध्ये ठेव, काही होत नाही’ हा सल्ला प्रत्येक घरात मिळतो. आपल्या फ्रिजमध्ये काय असतं? चिरलेला कांदा, लसणीची चटणी, कालची माशाची आमटी, अर्धा फणस. कॉफीची बी हे सगळे वास आनंदाने पिते. शिवाय डबा दिवसातून दोनदा बाहेर काढून उघडला की थंड बियांवर दमट हवेचं दव जमतं. चार अंशांचा थंडावा मिळवण्यासाठी ओलावा आणि कांदा पदरात घ्यायचा, हा सौदा मला तरी समजत नाही.

यावर एक आक्षेप खरा आहे, आणि तो मोठ्या शहरांतल्या शौकिनांना दिसत नाही. माटुंग्याला राहणारा माणूस चालत जाऊन समोर दळलेली पाव किलो कॉफी आणू शकतो. धुळ्याला किंवा नांदेडला राहणाऱ्या मुलाने काय करायचं? तो कुरिअरने मागवतो, आणि प्रत्येक पावशेराला वेगळा हशील देणं परवडत नाही म्हणून एकदम किलो घेतो. त्याला मी ‘थोडी थोडी घे’ म्हणून हिणवणार नाही. त्याने फ्रीझर वापरावा. फ्रीझर, फ्रिज नव्हे. आठवड्याला लागेल एवढ्या छोट्या पुड्या करायच्या, हवा दाबून काढून घट्ट बंद करायच्या. एका वेळी एकच बाहेर काढायची आणि ती खोलीइतकी ऊबदार होईपर्यंत उघडायची नाही. काढलेली परत आत टाकायची नाही. असं केलं तर महिनाभर, दोन महिने कॉफी चांगली राहते. अर्धवट केलं तर फ्रिजचीच कथा.

बाकीच्यांनी सरळ हिशोब करावा. एका कपाला साधारण पंधरा ग्रॅम धरले तर अडीचशे ग्रॅममध्ये सोळा-सतरा कप होतात. रोज दोन कप पिणाऱ्याचं पाकीट आठ दिवसांत संपतं, एक कप पिणाऱ्याचं अडीच आठवड्यांत. एवढ्यासाठी कुठलीही महागडी बरणी लागत नाही. झडपेचं पाकीट गुंडाळून, क्लिप लावून, गॅसपासून लांब अंधाऱ्या कपाटात ठेवलं की पुरे. भाजल्यानंतर काही दिवस बीला श्वास सोडू द्यावा आणि मग तीन-चार आठवड्यांत तिचा फडशा पाडावा.

पण या हिशोबाला भाजल्याची तारीख लागते, आणि ती अनेक पाकिटांवर नसते. पॅकिंगची असते, ‘अमुक महिन्यांपर्यंत उत्तम’ असं असतं. भाकरी कधी भाजली हे न सांगता डबा कधी भरला एवढंच सांगण्यासारखं आहे हे. वर्षभर कॉफी ‘उत्तम’ राहते असं छापणाऱ्याला आपण काहीच विचारत नाही, आणि चव बिघडली की दोष आपल्या बरणीला देऊन नवी बरणी मागवतो. जो भाजल्याची तारीख छापत नाही त्याची कॉफी घेऊ नका, मग पाकिटावर कितीही सुंदर हत्ती काढलेला असो.

मी हे एवढ्या तावातावाने का लिहितेय? कॉफीचं झाड तिसऱ्या-चौथ्या वर्षी फळायला लागतं. लाल झालेली तेवढीच फळं हाताने तोडायची, म्हणून तोडणाऱ्या बायका एकाच झाडाकडे तीन-चारदा येतात. कूर्गला येतात, कोरापुटला येतात. आपल्या महाराष्ट्रातही चिखलदऱ्याला कॉफी पिकते. सहा-सात किलो फळं तोडली तर आपल्या हाती जेमतेम किलोभर भाजलेली बी येते. त्या जुलैत मी पाऊण किलो कॉफी कुंडीत ओतली. म्हणजे पाच किलो फळं, कुणीतरी कंबरेला टोपली बांधून एकेक वेचलेली. मी ती ‘जपून’ ठेवली होती. पाहुणे येतील तेव्हा, रविवारी निवांत, चांगल्या दिवशी करू म्हणून. कपाटातला चांगला डिनर सेट आपण असाच जपतो. तो निदान खवट होत नाही.

जायफळ घालून, दूध आटवून केलेली आईची कॉफी मला आजही आवडते. तिला चालते ती कुठलीही पूड, आणि ते ठीकच आहे, कारण तिथे चव जायफळाची असते. माझं पाकीट वेगळं असतं. अडीचशे ग्रॅमचं, तारीख बघून घेतलेलं. ते संपायला आलं की पुढचं येतं. मध्ये कधी दोन दिवस कोरडे जातात, तेव्हा मी चहा पिते.

काचेची ती बरणी आईने घेतली. तिच्यात आता शेंगदाणे आहेत, कच्चे. भाजलेले ती कधीच भरून ठेवत नाही. कुटाला लागतील तेवढे त्या त्या वेळी भाजते.