आधी पंप बंद करणाऱ्या माणसाला शिकवा



आज भेंडी, पालक किंवा भाताबद्दल लिहीत नाही. हे सगळं ज्या पाण्यावर होतं, त्या पाण्यापाशी चोवीस तास उभ्या असलेल्या माणसांबद्दल लिहितोय. पंप ऑपरेटर, व्हॉल्व्हमन, गावचा पाणीवाला, सांडपाणी केंद्रावर रात्रपाळी करणारा कंत्राटी पोरगा, केमिकलच्या टँकरचा ड्रायव्हर. नदीत काही सांडलं तर पहिल्या तासात तिथं हीच माणसं असतात. साहेब लोक नंतर येतात, पंचनामा त्याहून नंतर होतो. आणि नेमकं या माणसांनाच कोणी काही शिकवत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे की नदी वाचवायची असेल तर सुरुवात इथून करा.

आपल्या पट्ट्याबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगतो. उल्हास नदी खंडाळ्याच्या घाटातून खाली उतरते. कर्जत, नेरळ, वांगणी करत बदलापूरला येते. तिथं बॅरेज धरणावरून जीवन प्राधिकरण बदलापूर-अंबरनाथला पाणी देतं. पुढं मोहन्याला कल्याण-डोंबिवलीसाठी पाणी उचलतात, शहाडच्या बाजूला ठाणे, भिवंडी, मीरा-भाईंदरसाठी उचलतात. म्हणजे लाखो लोकांच्या माठातलं पाणी आणि आपल्या वाफ्यातलं पाणी एकच. दुसरी वालधुनी. ती काकोळ्याच्या डोंगरातून निघते, अंबरनाथच्या साडेनऊशे वर्षांच्या शिवमंदिराला लागून वाहते, उल्हासनगरच्या कॅम्पांमधून कल्याणला जाते. तिला आता नवीन पोरं नालाच म्हणतात, यातच सगळं आलं.

या दोन नद्यांच्या काठाला अंबरनाथ आणि बदलापूरची एमआयडीसी आहे, उल्हासनगरचे कारखाने आहेत. रोजचं सांडपाणी हा एक विषय झाला. पण अचानक काही सांडणं, फुटणं किंवा कोणी रात्री मुद्दाम सोडणं हा वेगळा विषय आहे. रोजचं पाणी हळूहळू मारतं, सांडलेलं एका रात्रीत मारतं.

२०१४ चा नोव्हेंबर संपत असताना उल्हासनगरात काय झालं ते जुन्या लोकांना आठवत असेल. वालधुनीत टँकरनं केमिकल सोडलं आणि वडोलगाव भागातली शेकडो माणसं मळमळ, खोकला, श्वासाचा त्रास घेऊन दवाखान्यात गेली. घरात झोपलेली माणसं होती ती. ६ जानेवारी २०२२ ला सुरतेजवळ सचिनच्या औद्योगिक वसाहतीत असाच एक टँकर नाल्यात रिकामा करताना ६ कामगार गेले. तो माल आपल्या तळोज्याहून तिकडं गेला होता असं तपासात पुढं आलं. म्हणजे एकाची घाण दुसऱ्याच्या दारात, आणि मरतो तो तिसराच.

आता हे होतं कसं ते समजून घ्या, कारण प्रशिक्षणाचा मुद्दा इथंच आहे. गटाराचं पाणी सडलेलं असतं, त्यात सल्फाइड तयार झालेलं असतं. त्यात वरून अ‍ॅसिड पडलं की हायड्रोजन सल्फाइड नावाचा वायू सुटतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. वायू वाढला की नाक बधिर होतं आणि वास येणंच बंद होतं. माणसाला वाटतं, गेला वास, आता काही नाही. तो चेंबरमध्ये वाकतो आणि आत पडतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, तोही पडतो. गटारात आणि सेप्टिक टँकमध्ये एकामागून एक माणसं जातात ती अशी. वास थांबला म्हणजे धोका टळला नाही, हे एक वाक्य प्रत्येक कामगाराला पाठ पाहिजे. ते सांगायला पैसा लागत नाही.

दुसरी गोष्ट धुण्याची. आपल्या सगळ्यांच्या अंगात एक सवय आहे. काही सांडलं की पाइप घ्यायचा आणि पाणी मारून जागा स्वच्छ करायची. घरात दूध सांडलं तर ठीक. पण कंपनीच्या आवारात किंवा रस्त्यावर केमिकल सांडलं आणि त्यावर पाणी मारलं, तर ते गटारात, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून नदीत जातं. जागा स्वच्छ दिसते, नदी बिघडते. तिथं कोरडी वाळू किंवा माती टाकून ते अडवायचं असतं, गटाराचं तोंड गोण्यांनी बंद करायचं असतं, मग ते भरून नीट विल्हेवाटीला पाठवायचं असतं. बांध घालणं आपल्याला कोणी शिकवायला नको. तीच अक्कल इथं लागते, पण ती वेळेवर सुचायला आधी हात वळलेला पाहिजे.

यावर बाहेरचं एक उदाहरण देतो. १ नोव्हेंबर १९८६ ला स्वित्झर्लंडमध्ये बासेल शहराजवळ शेतीच्या औषधांच्या गोदामाला आग लागली. भोपाळला तेव्हा दोन वर्षंही झाली नव्हती. आग विझवायला मारलेलं पाणी औषधं घेऊन ऱ्हाइन नदीत उतरलं. नदी लाल झाली, खूप लांबपर्यंत मासे मेले, खालच्या शहरांना पाणी उचलणं थांबवावं लागलं. पण त्यानंतर त्या लोकांनी दोन कामं केली. आगीचं पाणी अडवायला कारखान्यात हौद बांधायला लावले. आणि वरच्या देशात काही सांडलं की खालच्या देशाला लगेच कळवायची पद्धत घट्ट केली. अनेक देश, भाषा वेगळ्या, तरी निरोप जातो. आपल्याकडं एकच तालुका, एकच भाषा, आणि वरच्या गावाचा निरोप खालच्या गावाला येत नाही. बदलापूर-अंबरनाथच्या कंपन्यांत आग लागल्याच्या बातम्या आपण वरचेवर वाचतो. आग विझली हे छापून येतं. विझवलेलं पाणी कुठं गेलं, हे कुठं वाचलंय का तुम्ही?

कोणी म्हणेल, कायदे नाहीत का? आहेत, आणि बरे आहेत. १९७४ च्या पाणी कायद्याच्या ३१ व्या कलमात लिहिलंय की अपघातानं नदीनाल्यात घाण गेली तर त्या जागेच्या जबाबदार माणसानं प्रदूषण मंडळाला ताबडतोब कळवायचं. घातक माल वाहणाऱ्या ड्रायव्हरला तीन दिवसांचं प्रशिक्षण आणि लायसनवर तशी नोंद लागते. गाडीत त्या केमिकलची माहिती देणारं कार्ड लागतं. १९९६ च्या रासायनिक अपघात नियमांत स्थानिक पातळीवर लोकल क्रायसिस ग्रुप आहे. प्रांतसाहेब त्याचे अध्यक्ष, आणि त्यात अग्निशमनवाले, पोलीस, डॉक्टर यांच्याबरोबर सरपंचालाही जागा आहे. दर सहा महिन्याला एक पूर्ण सराव करायचा असंही त्यात आहे. आता तुमच्या सरपंचाला विचारा, या ग्रुपचं नाव ऐकलंय का. मी आजूबाजूच्या चार जणांना विचारलं. चौघांनीही मलाच उलट विचारलं, हे काय असतं?

शिकवायची सोय नाही असंही नाही. नाशिकला जीवन प्राधिकरणाची ‘मित्रा’ ही संस्था पाणीपुरवठ्यातल्या लोकांना प्रशिक्षण देण्यासाठीच आहे. जलजीवन मिशनमध्ये प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायला शिकवायचं आणि किट द्यायचं ठरलेलं आहे. चांगली गोष्ट आहे. पण ते शिक्षण ठरलेल्या तारखेला नमुना घेण्याचं आहे. नदीत केमिकल तारीख बघून येत नाही. आमच्याकडच्या पाणीवाल्याला टीसीएल टाकणं आणि ओटी टेस्ट करणं एवढं येतं, आणि तो ते मनापासून करतो. पण ओटी टेस्टनं पाण्यात क्लोरीन आहे का ते कळतं, केमिकल आहे का ते कळत नाही. पाण्याला वेगळा रंग दिसला, फेस दिसला, मासे वर येऊन तडफडताना दिसले, तर मोटर बंद करायची का? मी त्याला हे विचारलं. तो म्हणाला, “दादा, बंद केली तर गाव मला शिव्या घालंल, आणि साहेब विचारतील कोणाला विचारून केली.”

मंडळी, खरी गोम या उत्तरात आहे. माणसाला नुसतं शिकवून भागत नाही, त्याला थांबवायचा अधिकार द्यावा लागतो. एसटीच्या कंडक्टरनं घंटी मारली तर गाडी थांबते, ड्रायव्हर वाद घालत नाही. तसं पंपावरच्या माणसानं शंका आली म्हणून पंप बंद केला तर त्याला कोणी जाब विचारता कामा नये, मग शंका खोटी निघाली तरी. दोन तास पाणी आलं नाही तर गाव मरत नाही. खराब पाणी टाकीत चढलं तर टाकी, पाइप, सगळंच धुवावं लागतं.

आणि वेळ मिळतो, हे ध्यानात घ्या. समजा नदी ताशी दोन किलोमीटरनं चालली आहे. दहा किलोमीटर वर काही सांडलं तर आपल्या पंपापर्यंत यायला पाच तास आहेत. उन्हाळ्यात नदी अजून हळू. फोन एका मिनिटात लागतो. म्हणजे नुकसान होतं ते वेळ कमी पडतो म्हणून नाही, फोन कोणी करत नाही म्हणून. काठावरचे सगळे पंप, सगळे पाणीवाले, भाजीवाले शेतकरी, मासे धरणारे यांची एक नंबरांची यादी कोणाकडंच नाही.

काही मित्र म्हणतात, हे शिकवण्याबिकवण्याचं सोडा, मुद्दाम सोडणाऱ्यांना धरा. त्यांचं म्हणणं चूक नाही. धरलंच पाहिजे. वनशक्ती संस्था या दोन नद्यांसाठी हरित न्यायाधिकरणात गेली, २०१५ च्या जुलैमध्ये निकाल लागला, नगरपालिका-महापालिका आणि सांडपाणी केंद्रांना कोट्यवधींचे दंड बसले. त्या लढाईला माझा नमस्कार. पण कोर्टाचं काम वर्षांच्या हिशोबानं चालतं आणि नदीचं तासांच्या हिशोबानं. दंडानं चोराला जरब बसेल. पण आज रात्री अडीच वाजता पाणी पिवळं आलं तर मोटर बंद करायला न्यायाधीश येणार नाहीत. दोन्ही कामं पाहिजेत.

दुसरा आक्षेप असा की कंत्राटी माणसं टिकत नाहीत, आज शिकवला तो उद्या दुसरीकडं. मग टेंडरमध्येच लिहा. पाळीवर प्रशिक्षण झालेला माणूस नसेल तर ठेकेदाराचं बिल निघणार नाही. बिल अडलं की सगळं जमतं.

माझ्या मते शिकवायचं काय, ते मोजकं आहे:

१) स्वतःला वाचवा. वाऱ्याच्या वरच्या बाजूला उभे रहा. चेंबरमध्ये एकट्यानं उतरू नका, पडलेल्याला काढायला तसंच उतरू नका. क्लोरीन गळत असेल तर उंच जागेकडं जा, तो वायू जड असतो, खोलगट भागात साचतो. गळणाऱ्या सिलिंडरवर पाणी मारू नका, भोक मोठं होतं.

२) थांबवा. व्हॉल्व्ह बंद, पंप बंद. आधी बंद, मग चौकशी.

३) अडवा. वाळू, माती, गोण्या. पाणी मारून धुवायचं नाही.

४) कळवा. १०१ किंवा ११२, प्रदूषण मंडळाचं कल्याणचं कार्यालय, आणि खालच्या प्रत्येक गावाचा एक माणूस.

५) लिहून ठेवा आणि नमुना घ्या. स्वच्छ बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळून भरा, वेळ आणि जागा लिहा. जिथं पाणी बिघडलेलं दिसतं त्याच्या वरचा एक आणि खालचा एक, असे दोन नमुने असले तर पुढं कोणी हात झटकू शकत नाही.

आणि हे सगळं एसी हॉलमध्ये पडद्यावर दाखवून भागणार नाही. पावसाळ्यात, रात्रपाळीला, लाईट गेलेली असताना एकदा करून बघा. उल्हासनगरचा खेमाणी नाला नदीत न जाऊ देता वळवून पंपानं केंद्राकडं नेण्याचं काम झालंय. पण जे पंपावर अवलंबून आहे, तिथं लाईट गेल्यावर पहिल्या दहा मिनिटांत काय करायचं, हे पाळीवरच्या माणसाला तोंडपाठ पाहिजे.

आपल्यासाठीही दोन शब्द. नदीचं पाणी देणाऱ्यांनी सामू मोजायच्या पट्ट्या घरात ठेवा, स्वस्त असतात. सिंचनाच्या पाण्याचा सामू ६ ते ८.५ च्या आत आणि ईसी २२५० मायक्रोमोजच्या आत असावी, असं केंद्रीय मंडळाचं प्रमाण आहे. रोजचा आकडा वहीत लिहा म्हणजे बिघडलेला दिवस लगेच कळेल. सामू ठीक आला म्हणजे पाणी शुद्ध असं मात्र समजू नका. शंका आली की मोटर बंद, गुरं वर. आपल्यातले काही जण फवारणीचा पंप नदीत धुतात, तेही थांबलं पाहिजे. नाहीतर दुसऱ्याला कुठल्या तोंडानं सांगणार?

कृषी विभागातली आणि कॉलेजातली मंडळी हे वाचतात, त्यांना विनंती आहे. काठावरच्या गावांसाठी ‘पाणी बिघडलं तर पिकाचं काय करायचं’ याचं एक पानी पत्रक काढा. कोणत्या भाजीला किती दिवस थांबायचं, माती कुठं तपासायची, एवढं तरी. मी छापून वाटतो.

आणि सरपंच मंडळी, येत्या ग्रामसभेत एक ठराव घ्या. लोकल क्रायसिस ग्रुपची पुढची बैठक कधी आहे आणि आपल्या गावचा माणूस त्यात कोण, हे प्रांत कार्यालयाला लेखी विचारा. पाणीवाल्याला लिहून द्या की शंका आल्यास पंप बंद करायचा त्याला अधिकार आहे. एका ओळीचा कागद आहे. तो त्याच्या खिशात असला तर पुढच्या वेळी त्याचा हात स्विचकडं जायला कचरणार नाही.

उल्हास-वालधुनी काठावर ज्यांचे पंप आहेत त्यांनी गावाचं नाव खाली लिहा. नंबर मला मेसेजमध्ये द्या, उघड्यावर टाकू नका. यादी मी करायला घेतो.