ग्रंथालयांतील चित्रपट शोधावा कसा?

वाघोलीहून एका वाचकभगिनींनीं आम्हांस विचारलें आहे कीं, त्यांच्या कन्येस 'प्रभात'च्या 'कुंकू' या बोलपटावर निबंध लिहावयाचा आहे, तर विद्यापीठाच्या ग्रंथालयाच्या सूचींत तो कसा शोधावा? संगणकावर 'कुंकू' हा शब्द घालून पाहिला, तों पुस्तकेंच पुस्तकें निघालीं. बोलपटाचा मागमूस नाहीं. वाघोली २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत आली खरी, परंतु नगर रस्त्यावरील गर्दींतून विद्यापीठ गांठावयाचें म्हणजे अर्धा दिवस खर्चीं पडतो. तेव्हां निघण्यापूर्वीं घरबसल्या सूची नीट पाहावी, हा त्यांचा विचार योग्यच आहे. हा प्रश्न अनेक घरांतील विद्यार्थ्यांस पडत असेल, म्हणून उत्तर येथेंच देतों.

प्रथम हें ध्यानांत घ्यावें कीं, ग्रंथालयाची सूची मुळांत पुस्तकांसाठीं जन्मली. पुस्तकाला लेखक असतो व त्याच्या नांवाखालीं तें सांपडतें. चित्रपटाचा लेखक कोण म्हणावा? 'कुंकू'ची कथा नारायण हरि आपटे यांच्या 'न पटणारी गोष्ट' या कादंबरीची, दिग्दर्शन शांतारामबापूंचें, नायिका शांता आपटे, निर्मिति 'प्रभात'ची. अशा वेळीं सूचीकार एकाला कर्तेपण न देतां चित्रपट त्याच्या नांवाखालीं मांडतात आणि बाकीच्या मंडळींची नोंद मागाहून जोडतात. म्हणून लेखकाच्या रकान्यांत 'आपटे' घातल्यास कादंबरी हातीं येईल, बोलपट येईलच असें नाहीं. शीर्षकाच्या रकान्यांत नांव घालावें, आणि शेजारीं साहित्याचा प्रकार निवडण्याची सोय असते तेथें 'दृक्श्राव्य' किंवा 'व्हिडिओ' हा प्रकार निवडावा. एवढ्यानें पुस्तकांची गर्दी ओसरते.

तथापि खरी अडचण पुढेंच आहे. 'प्रभात'चे बहुतेक बोलपट मराठी व हिंदी अशा दोन भाषांत निघत. १९३७ चा 'कुंकू' हिंदींत 'दुनिया न माने' झाला, १९३९ चा 'माणूस' तो 'आदमी', आणि १९४१ चा 'शेजारी' तो 'पडोसी'. ज्या ग्रंथालयांत 'कुंकू' नाहीं, तेथें 'दुनिया न माने' असूं शकतो. पण दोन्ही एकच, असें मानून निबंध लिहूं नये! 'शेजारी'ंत केशवराव दाते यांनीं जी भूमिका केली, ती 'पडोसी'ंत मजहर खान यांनीं केली आहे. ज्या विद्यार्थ्यानें हिंदी प्रत पाहून दात्यांच्या अभिनयाची स्तुति लिहिली, त्याच्या परीक्षकानें काय करावें बरें? नोंद उघडल्यावर भाषेचा रकाना अगोदर वाचावा, तो याचसाठीं.

ज्यांचीं मुलें परदेशीं विद्यापीठांत शिकतात, त्यांना आणखी एक विघ्न भेटतें, तें रोमन लिपीचें. अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयानें १९६२ सालीं दिल्लीस आपलें कार्यालय उघडलें. तेथून मराठी ग्रंथ त्या देशांतील विद्यापीठांत जाऊं लागले. त्या ग्रंथालयाच्या लिप्यंतराच्या पद्धतींत अक्षरामागून अक्षर काटेकोरपणें उतरवितात. 'शेजारी'ंतील 'श' साठीं 'एस'वर नुसती खूण करतात, पुढें 'एच' येत नाहीं. आणि 'माणूस'च्या शेवटीं, आपण उच्चारीत नसलों तरी, 'ए' लिहितात. उलट तबकडीच्या वेष्टनावर हेंच नांव दोन 'ओ' घालून छापलेलें असतें. देवनागरींत न सांपडल्यास या दोन्ही तऱ्हांनीं शोध घ्यावा. आमच्या मतें, सूचीला अर्ध्याहून अधिक वेळां उगाच दोष दिला जातो. वस्तु तेथें असते, परंतु दुसऱ्या नांवानें बसलेली असते.

सालाविषयीं एक लहानसा इशारा. शोध १९३७ या वर्षापुरता मर्यादित केला, तर बहुधा कांहींच निघणार नाहीं. कारण नोंदींतील साल पुष्कळदां तबकडी निघाल्याचें असतें आणि मूळ बोलपटाचें साल खालच्या टिपेंत दडलेलें असतें.

सूचींतील हे बारकावे कोणास क्षुल्लक वाटतील. पण आपल्या देशांत तेराशेंहून अधिक मूकपट निघाले, आणि त्यांतील पूर्ण स्वरूपांत उरलेले हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आहेत. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ च्या 'राजा हरिश्चंद्रा'चीं पहिलें व शेवटचें रीळ तेवढीं आज आपल्यापाशीं आहेत. आणि कांहीं अभ्यासक तर म्हणतात कीं, हीं रिळेंदेखील फाळके यांनीं १९१७ सालीं पुन्हां काढलेल्या चित्रपटाचीं आहेत. एका कथेचे दोन पट, आणि कोणतें रीळ कोणाचें हें डब्यावर निःसंदिग्धपणें लिहिलेलें नसलें, म्हणजे देशाच्या पहिल्या चित्रपटाविषयीं असा वाद उद्भवतो.

पुण्यास १९६४ सालीं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय स्थापन झालें. तेथें पी. के. नायर यांनीं १९९१ मध्यें निवृत्त होईपर्यंत जन्म वेंचला. गांवोगांव फिरून त्यांनीं डबे गोळा केले, नाशिकास जाऊन फाळके यांच्या कुटुंबीयांकडून फिल्म मिळविली, आणि अंधाऱ्या प्रेक्षागृहांत बसूनहि वहींत टिपणें केलीं. कोणता प्रसंग कितव्या रिळांत, हें त्यांना तोंडपाठ असे. संग्रहालय २०२२ पासून राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळांत समाविष्ट झालें आहे. जुनी नायट्रेट फिल्म चटकन पेट घेते. ८ जानेवारी २००३ रोजीं पूर्वींच्या 'प्रभात'च्या आवारांतील भांडारास आग लागली, तींत 'प्रभात'चा मोलाचा ठेवा जळाला. आगीपासून वांचलेल्या फिल्मेलासुद्धां, तिची नोंद नसेल तर, कोण हात लावणार?

अशाच नोंदीवांचून कित्येक महाविद्यालयांच्या कपाटांत व्हिडिओ फिती पडून आहेत. पुस्तकांना क्रमांक मिळाले. फितींना धुळीखेरीज कांहीं मिळालें नाहीं. चुंबकीय फीत वर्षागणिक क्षीण होते, आणि ती वाजविणारें यंत्रहि आतां दुर्मिळ झालें आहे. म्हणून सूचींत कांहीं न सांपडलें, तरी ग्रंथपालांस प्रत्यक्ष विचारल्याशिवाय परत फिरूं नये. विचारतांना मराठी व हिंदी नांव, मूळ साल, दिग्दर्शक व निर्मितिसंस्था एवढें एका चिठ्ठीवर लिहून न्यावें. जयकर ग्रंथालयांत काम झालें नाहीं, तर संग्रहालयाकडे महाविद्यालयाचें पत्र धाडून पाहण्याची परवानगी मागावी. आणि तबकडी वा फीत आहे असें उत्तर आलें, तर ती लावून पाहण्याचें यंत्र चालूं स्थितींत आहे ना, हेंहि वाघोलीहून निघण्यापूर्वींच दूरध्वनीवरून विचारून घ्यावें.