चांदीचे पाणी आणि एकट्याचे स्वावलंबन

शुद्ध चांदीच्या दोन कांड्या, बरणीभर ऊर्ध्वपातित पाणी आणि दोनतीन बॅटऱ्या एवढ्या सामग्रीवर स्वयंपाकघरातच ‘औषध’ तयार करण्याचा उद्योग अमेरिकेत गेली काही दशके बोकाळला आहे. विद्युत् विच्छेदनाने चांदीचे आयन व सूक्ष्म कण पाण्यात उतरतात. या कलिल चांदीच्या बरण्याच्या बरण्या भरून ठेवावयाच्या, घरादाराने ते पाणी प्यावयाचे आणि डॉक्टर, औषध कंपन्या व सरकार या तिघांच्याही तावडीतून सुटका झाली असे मानावयाचे, असा हा पंथ आहे. मक्तेदारांना शह देणारा मार्ग म्हणून एखाद्या भाबड्या समाजवादी कार्यकर्त्यालाही त्याचे आकर्षण वाटावे, असे त्याचे बाह्यरूप आहे. म्हणूनच त्याचे अंतरंग तपासावयास हवे.

चांदी जंतुनाशक आहे, हे खोटे नाही. भाजलेल्या जखमांवर सिल्व्हर सल्फाडायझिनचे मलम आजही लावले जाते. परंतु जखमेवर लावणे वेगळे आणि पोटात घेणे वेगळे. पोटात घेतलेली चांदी कोणताही रोग बरा करते, यास पुरावा नाही. तिचा काही अंश मात्र शरीरात साचत जातो, त्वचा निळसर-राखी होते आणि हा रंग पुन्हा जात नाही. या विकारास आर्जिरिया म्हणतात.

येथे प्रश्न मात्रेचा आहे. फॅराडेच्या नियमानुसार एक मिलिअँपिअर प्रवाह तासभर वाहिला, तर कांडीतून जास्तीत जास्त ४ मिलिग्रॅम चांदी सुटते. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने ठरविलेली दैनिक मर्यादा सत्तर किलो वजनाच्या माणसास ०.३५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे तासाभराच्या या किरकोळ प्रवाहातून अकरा दिवसांची चांदी सुटू शकते. सुटलेल्यापैकी किती दुसऱ्या कांडीवर चढली, किती तळाशी बसली आणि किती पाण्यात उरली, हे स्वयंपाकघरात कळावे कसे? बरणी जेवढी मोठी, तेवढी ही चूक अधिक तोंडांत जाते.

माँटाना राज्यातील स्टॅन जोन्स यांचे उदाहरण बोलके आहे. सन २००० उजाडताच संगणक कोलमडतील आणि प्रतिजैविके मिळेनाशी होतील, या भीतीने त्यांनी १९९९ मध्ये घरीच चांदीचे पाणी करून पिण्यास प्रारंभ केला. त्यांची त्वचा निळसर-राखी झाली. २००२ साली त्यांनी सिनेटची निवडणूक लढविली, तीही लिबर्टेरियन पक्षातर्फे, म्हणजे शासनाने माणसाच्या जीवनातून शक्य तेवढे अंग काढून घ्यावे असे मानणाऱ्या पक्षातर्फे. हा योगायोग नव्हे. औषधटंचाईच्या भीतीवर ‘सर्वांसाठी साठा करा’ हे उत्तर ज्या विचारसरणीला सुचतच नाही, तिच्याजवळ ‘स्वतःपुरती बरणी भरा’ एवढेच उत्तर उरते.

आणि या बरणीमागेही बाजार आहेच. अशी औषधे सुरक्षित वा गुणकारी मानता येत नाहीत, असा निर्णय अमेरिकी औषध प्रशासनाने १९९९ मध्ये दिला. तरीही १९९४ च्या कायद्याच्या आडोशाने ‘पूरक आहार’ म्हणून ती विकली जातात. मार्च २०२० मध्ये करोनाच्या भयाचे भांडवल करून चांदीचे पाणी विकल्याबद्दल मिसूरी राज्याने दूरचित्रवाणीवरील धर्मोपदेशक जिम बेकर यांच्यावर दावा लावला. २०२१ मध्ये दोष मान्य न करता सुमारे १,५६,००० डॉलर ग्राहकांना परत करण्याची तडजोड झाली. मक्तेदारांचा दरवाजा टाळून निघालेला माणूस शेवटी दुसऱ्या दुकानदाराच्या दारात उभा राहतो, तो असा.

यावर कोणी म्हणेल की शिरोड्यास १९३० मध्ये लोकांनी मीठ उचलले, तेही स्वावलंबनच होते. होते; परंतु तो सत्याग्रह उघड होता, सामुदायिक होता आणि अन्यायी कर सर्वांसाठीच उठावा म्हणून होता. शिवाय मीठ कोणालाही चाखून ओळखता येते. औषधाची पारख प्रयोगशाळा, रुग्णालय आणि उत्तरदायी शासन यांवाचून होत नाही. चांदीची बरणी कोणताही कायदा बदलीत नाही. ती फक्त मागणी थंड करते.

लोक या पाण्याकडे वळतात ते केवळ अज्ञानामुळे, असे म्हणणे हा सुखवस्तूंचा अहंकार आहे. जगातील सर्वांत धनाढ्य राष्ट्रात २०२३ साली सुमारे २ कोटी ६० लाख माणसे आरोग्यविम्यावाचून होती. भारतातही २०२१-२२ मध्ये एकूण आरोग्यखर्चापैकी सुमारे ३९ टक्के भार कुटुंबांच्या खिशावर पडला. डॉक्टरची पायरी चढणे परवडत नाही, तेथे बरणीचा प्रचार फोफावणारच.

प्रतिजैविकांतील खरे स्वावलंबन कसे असते, हे महाराष्ट्राने पाहिले आहे. पिंपरीचा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सार्वजनिक कारखाना १९५४ साली स्थापन झाला आणि पुढच्याच वर्षी तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. डिसेंबर २०१६ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने त्याची जमीन विकण्याचा आणि पुढे कारखानाच विक्रीस काढण्याचा निर्णय घेतला. त्या दिवशी चांदीच्या पाण्याचे गिऱ्हाईक वाढविण्याची तजवीज झाली.

कार्यकर्त्यांनी म्हणूनच बरणी हाती घेतलेल्या माणसाची टवाळी करू नये. त्याचा औषध कंपन्यांवरील राग रास्त आहे. मार्ग तेवढा आत्मघातकी आहे. त्याला त्याचे धोके समजावून द्यावेत, आणि सार्वजनिक औषधनिर्मिती व मोफत उपचार यांच्या लढ्यात त्याला सोबत घ्यावे.