इमारतीचा पैसा इमारतीवरच! मिशिगनच्या शाळांचा नियम आणि आपल्या घरपट्टीतला शिक्षण कर

अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डिअरबॉर्न, हॅमट्रॅमक या शहरांची नावे आपल्या वाचकांना नवी नाहीत. तिथे मुस्लिमांची मोठी वस्ती आहे. २०२२ साली हॅमट्रॅमकची संपूर्ण नगर परिषद मुस्लिम सदस्यांची झाली, तेव्हा आपल्याकडेही त्याची चर्चा झाली. पण तिथल्या पालकांच्या रोजच्या जगण्याशी नगर परिषदेइतकाच दुसऱ्या एका संस्थेचा संबंध येतो. ती म्हणजे शाळा जिल्हा. त्याचे मंडळ वेगळे निवडून येते आणि शाळेच्या इमारतीसाठी तो लोकांकडून वेगळा कर मागू शकतो.

वेगळा कर का लागतो? १९९४ साली मिशिगनने शाळांच्या खर्चाची पद्धतच बदलली. विक्रीकर ४ टक्क्यांवरून ६ टक्के केला आणि शाळांच्या रोजच्या खर्चाचा मोठा भार राज्याने उचलला. इमारतींचा भार मात्र स्थानिक मालमत्ता करावरच राहिला. म्हणजे शिक्षकाचा पगार मुख्यतः राज्याच्या भरवशावर आणि गळके छप्पर गावाच्या भरवशावर.

छपरासाठी दोन वाटा आहेत. एक, रोखे काढून कर्ज घ्यायचे आणि व्याजासह फेडायचे. दुसरी, 'सिंकिंग फंड'. यात कर्ज नाही. दरवर्षी थोडा कर गोळा करायचा आणि जमेल तसे काम करायचे. दोन्हींसाठी मतदारांची मंजुरी हवी.

सिंकिंग फंडाचा कर 'मिल'मध्ये मोजतात. एक मिल म्हणजे मालमत्तेच्या करपात्र मूल्यावर दर हजार डॉलरला एक डॉलर. एखाद्या घराचे करपात्र मूल्य एक लाख डॉलर धरले, तर ३ मिलचे वर्षाला ३०० डॉलर होतात. सामान्य कुटुंबाला ही रक्कम लहान नाही. म्हणूनच ती कशावर खर्च होणार, हे कायद्यात लिहून ठेवले आहे.

आधी हा पैसा जागा घेणे, इमारत बांधणे किंवा दुरुस्त करणे एवढ्यासाठीच होता. २०१६ च्या दुरुस्तीने त्यात शाळेची सुरक्षा आणि तंत्रज्ञान आले. पण सवलत देताना लगामही घट्ट केला. कराची मर्यादा ५ मिलवरून ३ वर आणि मुदत २० वर्षांवरून १० वर आणली. २०२३ साली विद्यार्थ्यांच्या बस आणि देखभालीची वाहनेही यादीत आली. पगार आणि इतर रोजचा खर्च मात्र आजही बाहेरच आहे.

नियम मोडला तर काय? या निधीचे स्वतंत्र लेखापरीक्षण बंधनकारक आहे. पैसा दुसरीकडे वापरल्याचे राज्याच्या अर्थ खात्याने ठरवले, तर शाळा जिल्ह्याला तो आपल्या चालू खर्चातून परत भरावा लागतो आणि त्यानंतर तो कर वसूलच करता येत नाही.

ही व्यवस्था निर्दोष आहे असे नाही. दंड चालू खर्चातून जातो, म्हणजे चूक मंडळाची आणि कात्री वर्गाला. शिवाय ज्या भागात महागडी घरे, तिथे एक मिलमध्ये भरपूर पैसा जमतो. गरीब वस्तीत त्याच एका मिलमध्ये रंगकामही भागत नाही. तरीही एक गोष्ट मानावीच लागेल. कर भरणाऱ्याला ठाऊक असते की किती पैसा, किती वर्षे आणि कशासाठी.

आता आपल्याकडे बघू. शहरातल्या घरपट्टीच्या बिलात 'शिक्षण कर' असा रकाना असतो. त्याचा कायदा १९६२ चा आहे. पालिका तो वसूल करते, पण रक्कम राज्याकडे जमा होते. आपल्या मोहल्ल्यातल्या शाळेचे नाव त्यात कुठेच नसते. केंद्राच्या उपकराची कथा तर त्याहून बोलकी आहे. माध्यमिक आणि उच्च शिक्षणासाठी २००७ पासून १ टक्का उपकर घेतला गेला, पण त्यासाठीचा स्वतंत्र निधी मंजूर व्हायला २०१७ साल उजाडले. या काळात जमा झालेले ८३ हजार कोटींहून अधिक रुपये त्या निधीत गेलेच नाहीत, यावर कॅगने बोट ठेवले.

मग पालकांच्या हातात काय उरते? २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने एक हत्यार दिले आहे, शाळा व्यवस्थापन समिती. तिच्यात तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात, निम्म्या महिला असतात. शाळेला आलेले अनुदान कुठे खर्च झाले, यावर लक्ष ठेवणे हे समितीचे कायदेशीर काम आहे. पालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या उर्दू शाळेत मूल शिकत असेल, तर हा हक्क आपला आहे. पण बैठकीच्या रजिस्टरवर नुसती सही करून घरी येणाऱ्याला तो मिळत नाही.

अल्पसंख्याक संस्थांच्या शाळांचे गणित वेगळे. २०१४ साली प्रमती खटल्यात सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने हा कायदा अल्पसंख्याक शाळांना लागू नसल्याचा निकाल दिला. त्यामुळे संस्थेची स्वायत्तता राखली गेली, हे खरे. पण त्याच वेळी पालकांच्या समितीचा कायदेशीर आधारही गेला. जिथे कायद्याची सक्ती नाही, तिथे विश्वस्तांची जबाबदारी दुप्पट होते. इमारत निधी म्हणून पालकांकडून घेतलेला पैसा ही अमानत आहे. तो किती जमला, किती खर्च झाला आणि कोणते काम बाकी आहे, हे वर्षातून एकदा शाळेच्या फळ्यावर लिहायला कोणत्या कायद्याची वाट पाहायची?

येत्या पालकसभेत हा एकच प्रश्न विचारून बघा. विचारणारे चार जण असले, तर उत्तर टाळणे कठीण जाते.